पाणी, पंगत आणि पूल : 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्तीपणाचे पुनर्वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला मराठी आत्मचरित्रवाङ्मयात जे स्थान मिळाले आहे, ते वादातीत आहे. त्या स्थानाची कारणे मात्र वादातीत नाहीत. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा गौरव करताना समीक्षकांनी प्रामुख्याने तीन गुणांचा निर्देश केला : अकृत्रिम भाषा, स्वतःलाही न वगळणारा विनोद आणि एका लहरी, उदार, प्रतिभावंत पुरुषाबरोबर केलेल्या संसाराचे जिवंत चित्रण. हे तिन्ही गुण ग्रंथात आहेतच. परंतु केवळ त्यांच्यावर भर दिला, की धर्मांतर ही संसारावर कोसळलेल्या अनेक आपत्तींपैकी एक आपत्ती ठरते, आणि श्रद्धा हा लेखिकेच्या स्वभावचित्रणाचा एक तपशील उरतो. याउलट ख्रिस्ती वाचकवर्गाने हाच ग्रंथ प्रामुख्याने 'साक्ष' म्हणून वाचला. तेथे संसार ही केवळ वाट ठरते आणि बाप्तिस्मा हे मुक्कामाचे ठिकाण.

हे दोन्ही वाचनमार्ग परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचे एक गृहीत समान आहे. श्रद्धा आणि संसार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, असे दोघेही धरून चालतात. 'स्मृतिचित्रे'ची संहिता मात्र नेमके हेच गृहीत नाकारते. जातींनी विभागलेल्या समाजात ख्रिस्ती श्रद्धा जगायची म्हणजे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर हा ग्रंथ तत्त्वांच्या भाषेत देत नाही. पाणी, चूल आणि पंगत यांच्या भाषेत देतो. त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी काव्य, कीर्तन आणि 'देवाचा दरबार' यांच्याद्वारे दिले. या दोन उत्तरांमधील ताण समजून घेणे, आणि अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्तीजन या दोन्ही उत्तरांच्या संदर्भात कोठे उभे राहतात हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

टिळक दांपत्याची कथा ज्या भूमीवर घडली तिचा इतिहास येथे पार्श्वभूमी म्हणून नव्हे, तर अर्थाचा घटक म्हणून लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस अहमदनगर येथे ठाणे उघडले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये येथूनच निघू लागला. सिंथिया फॅरर यांच्या मुलींच्या शाळेने येथे स्त्रीशिक्षणाचा पाया घातला. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे ब्राह्मण कुळांतून आलेले पाळक येथील मंडळीत तयार झाले. मंडळीत जातिभेद मानू नये, प्रभुभोजनाच्या वेळी सर्वांनी एकत्र यावे, असा या मिशनचा आग्रह होता. हा आग्रह मिशनच्या दृष्टीने धर्मशास्त्रीय असला, तरी नगरच्या गल्लीत आणि जिल्ह्याच्या खेड्यात त्याचा अर्थ सामाजिकच होता. कोण कोणाच्या हातचे घेतो, यावर ज्या समाजाची सारी रचना उभी होती, त्या समाजात एका पेल्यातून पिणे ही केवळ उपासना राहू शकत नव्हती.

याच जिल्ह्यातील नेवासे हे परंपरेने 'ज्ञानेश्वरी'चे जन्मस्थान मानले जाते. म्हणजे ज्या प्रदेशात भक्तीला मराठी भाषा मिळाली, त्याच प्रदेशात सहा शतकांनंतर ख्रिस्ती मंडळीने स्वतःची मराठी घडवायला घेतली. टिळक १८९५ नंतर नगरला आले, त्यापूर्वी सुमारे तीन दशके कृष्णराव सांगळे यांच्यासारखे कीर्तनकार येथे ख्रिस्ती कीर्तन करीत होते. त्याहीपूर्वी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने ओवीला ख्रिस्तकथा सांगण्याच्या कामी योजले होते. तेव्हा ख्रिस्ती आशयाला देशी रूप देण्याची कल्पना टिळकांपासून सुरू होत नाही. टिळकांपासून सुरू होते ती या कल्पनेमागील आत्मजाणीव. देशी रूप हे त्यांच्या दृष्टीने प्रचाराचे साधन नव्हते. ती स्वतःच्या अस्तित्वाची अट होती.

३

मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनाचा पहिला महत्त्वाचा नमुना म्हणजे बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८). त्याच्या नावातच त्याची रचना सामावलेली आहे. अंधारातून उजेडाकडे जाणारी एक रेषा, तीवरील शंका, वाचन, वादविवाद, निश्चय, आणि अखेर बाप्तिस्मा. निवेदक उजेडात उभा राहून मागच्या अंधाराकडे पाहतो, आणि त्याच्या पूर्वायुष्यातील प्रत्येक प्रसंगाला या शेवटामुळे अर्थ प्राप्त होतो. धर्मांतरकथेचा हा संकेत पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत सेंट ऑगस्टीनपासून चालत आलेला आहे.

'स्मृतिचित्रे'त हा संकेत मोडलेला दिसतो. येथे रेषा नाही, चित्रे आहेत. १८९५ मध्ये मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, ही घटना कथनाचा कळस नाही. ती मध्येच येते आणि घर उद्ध्वस्त करते. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी घेतलेला बाप्तिस्माही शेवटचे प्रकरण ठरत नाही. त्यानंतर मुले आहेत, दुष्काळ आहे, प्लेग आहे, घरात वाढणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे (बालकवी) आहेत, उसनवारी आहे, भांडणे आहेत. पूर्वायुष्यही निव्वळ अंधार म्हणून रंगविलेले नाही. ज्या माणसांनी लक्ष्मीबाईंना छळले त्यांच्यातील माणुसकी टिपायलाही निवेदक विसरत नाही. धर्मांतरापूर्वीची लक्ष्मी आणि नंतरची लक्ष्मीबाई यांच्यामध्ये भिंत उभी करण्यास ही संहिता तयार नाही. नाव तेच, आडनाव तेच, विनोदही तोच.

रूपाच्या या निवडीचे श्रेय लेखिकेच्या शिक्षणाभावाला किंवा तिच्या साध्या स्वभावाला देण्याची प्रथा आहे. ती अपुरी वाटते. जिच्यासमोर धर्मांतर ही नवऱ्याने परस्पर केलेली कृती म्हणून आली, जिने जवळजवळ पाच वर्षे त्या कृतीचे सामाजिक मोल चुकते केले, तिच्या दृष्टीने श्रद्धा ही एका क्षणी घडणारी घटना असणे शक्यच नव्हते. ती रोजच्या व्यवहारात थोडी थोडी घडत जाणारी गोष्ट होती. म्हणून 'चित्र' हा घटक येथे शैलीचा अलंकार नाही. तो अनुभवाच्या घडणीला अनुसरून आलेला आहे.

४

ग्रंथाच्या आरंभीच वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन येते, ते केवळ विनोदनिर्मितीसाठी नाही. १८५७ च्या उठावाशी निगडित फाशीचा आघात कुटुंबावर झाला आणि त्यानंतर वडिलांच्या मनाने शुद्धतेचा ध्यास घेतला. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नसे. वाचकाला हसू येते. परंतु हसता हसता एक चिन्हव्यवस्था त्याच्या हाती दिली जाते. बाहेरचे जग विटाळाने भरलेले आहे आणि पाणी हा त्यावरील उपाय आहे, ही ती व्यवस्था होय. राजकीय भीतीचे रूपांतर धार्मिक शुद्धतेत कसे होते, याचे इतके नेमके चित्र एकोणिसाव्या शतकाच्या मराठी आत्मकथनांत क्वचितच आढळेल.

पुढे नवरा ख्रिस्ती झाल्यावर हीच चिन्हव्यवस्था उलटी फिरते. आता विटाळाचे मूळ घरातच आहे. लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याच्या सान्निध्यात आल्या, तरी चूल वेगळी आणि पाणी वेगळे. प्रेम आहे, संसार आहे, मूल आहे. पण पाण्याचा घडा दोघांना विभागतो. विभागलेली संस्कृती हा शब्दप्रयोग येथे रूपक राहत नाही. एका दांपत्यामध्ये ती विभागणी अक्षरशः स्वयंपाकघराच्या मापात उतरलेली आहे.

या विभागणीवर लक्ष्मीबाईंनी जी मात केली तिचा क्रम विशेष महत्त्वाचा आहे. त्या आधी ख्रिस्ती होऊन मग जात सोडत नाहीत. राहुरीच्या वास्तव्यात, स्वतःशीच तर्क करीत, जातिभेद हा ईश्वराने केलेला नसून माणसांनी केलेला आहे या निर्णयाला त्या येतात, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपल्याला प्रत्यवाय नाही असे ठरवितात. बाप्तिस्मा त्यानंतरचा. धर्मशास्त्रीय क्रमाने पाहिले तर हे उलटे आहे. श्रद्धा आधी आणि तिची फळे नंतर, असा पाठ असतो. लक्ष्मीबाईंच्या अनुभवात फळ आधी दिसते आणि झाडाचे नाव नंतर कळते. टिळकांनी डोंगरावरील प्रवचन वाचले आणि ते ख्रिस्ताकडे ओढले गेले. लक्ष्मीबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि त्या ख्रिस्ताच्या वाटेवर आल्या. एकाची वाट ग्रंथातून गेली, दुसरीची माठातून. 'स्मृतिचित्रे'चे वाङ्मयीन श्रेष्ठत्व या दुसऱ्या वाटेशी एकनिष्ठ राहण्यात आहे.

५

टिळकांची वाट मात्र केवळ ग्रंथाची मानणे अन्यायाचे होईल. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे विधान सर्वपरिचित आहे. बाप्तिस्मा भारतीय पाळकाच्या हातून घेण्याचा आग्रह, 'अभंगांजली', उपासनेसाठी रचलेली असंख्य पदे, अपुरे राहिलेले आणि पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वाकडे नेलेले 'ख्रिस्तायन', १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन, आणि अखेर १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून स्वीकारलेला संन्यास, या सर्वांमागे एकच सूत्र आहे : ख्रिस्त स्वीकारण्यासाठी महाराष्ट्र सोडावा लागू नये. त्याच वर्षी साताऱ्याला स्थापन केलेल्या 'देवाच्या दरबारा'त त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान दिले. पाश्चात्त्य मंडळीची चौकट आणि हिंदू समाजाचे बहिष्कारशस्त्र या दोहोंना ओलांडणारा हा प्रयोग होता. १९१९ मध्ये मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि प्रयोग मुळे धरण्यापूर्वीच थांबला. देहाचे दहन व्हावे ही त्यांची इच्छा, ख्रिस्ती मंडळीच्या दफनाच्या प्रथेसमोर ठेवलेले त्यांचे शेवटचे विधान मानता येईल.

बंगालमधील त्यांचे समवयस्क ब्रह्मबांधव उपाध्याय (१८६१–१९०७) यांनीही ख्रिस्ती संन्यासाचा प्रयोग केला होता. परंतु उपाध्यायांनी आधार घेतला तो मुख्यतः वेदान्ताचा, टिळकांनी संतांचा. हा फरक निर्णायक आहे. वेदान्ताची भाषा अधिकाराची भाषा आहे. अभंगाची भाषा वारीतल्या कोणाच्याही तोंडी बसणारी आहे. टिळकांच्या ख्रिस्तभक्तीने मराठी मन जिंकले ते यामुळे. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ज्या अहमदनगरात ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली आणि १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, त्या काळात नगर हे देशी ख्रिस्तीपणाच्या शोधाचे केंद्र बनले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्याकडील देशीवादाच्या चर्चेत टिळकांचे नाव अपेक्षेपेक्षा कमी येते, याचे नवल वाटते. परकीय वैचारिक सत्तेशी नाते ठेवूनही देशी रूपाचा आग्रह धरणारा इतका जागरूक लेखक विसाव्या शतकाच्या आरंभी दुसरा दाखविणे कठीण आहे. परंतु टिळकांचे उदाहरण देशीवादाला एक अवघड प्रश्नही विचारते : देशी म्हणजे कोणाचे देशी?

६

अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार आणि मांग या जातींतून आला. त्यांच्या दृष्टीने धर्मांतराचा अर्थ टिळक दांपत्याच्या अर्थापेक्षा मुळातच निराळा होता. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की तो 'बाटला' असे म्हटले जाई. १८४३ मधील श्रीपत शेषाद्री प्रकरण येथे आठवावे. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या त्या मुलाला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईचा सारा शिक्षित समाज दुभंगला, आणि बाळशास्त्री जांभेकरांना प्रायश्चित्ताच्या बाजूने उभे राहण्याची किंमत मोजावी लागली. महार ख्रिस्ती झाला तर असा कल्लोळ कोणी केला नाही. बाटण्यासाठी जी शुद्धता आधी असावी लागते, ती गावाने त्याला कधी दिलेलीच नव्हती. बाप्तिस्म्यानंतरही गावाच्या लेखी तो महारच राहिला.

या विषमतेला पाण्याच्या भाषेत मांडता येते. लक्ष्मीबाईंचा निर्णय पाणी 'घेण्याचा' आहे. कोणाच्याही हातचे आपण पिऊ, असे त्या म्हणू शकतात, कारण नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. ज्याच्या हातचे पाणी इतरांनी नाकारले, त्याला असा निर्णय घेण्याची सोयच नव्हती. तोच घडा एका बाजूने पाहिला तर त्यागाचे चिन्ह, दुसऱ्या बाजूने पाहिला तर वंचनेचे.

यातून एक वाङ्मयप्रकारविषयक निष्कर्ष निघतो. मराठीतील धर्मांतराची आत्मकथने गमावण्याजोगी सामाजिक प्रतिष्ठा असणाऱ्यांकडून लिहिली गेली. पदमनजी त्वष्टा कासार समाजातील, टिळक दांपत्य ब्राह्मण. धर्मांतराची 'कथा' होण्यासाठी नातेवाइकांचा आक्रोश, वारसाहक्काचा प्रश्न, बहिष्कार, पत्नीचा वियोग असे नाट्य लागते. आणि हे नाट्य वरच्या जातींतच घडते. गमावण्यासारखे काही नसणाऱ्याचे धर्मांतर या प्रकाराच्या संकेतांत कथनीय ठरत नाही. ते मिशनच्या अहवालात संख्या होऊन उरते. 'स्मृतिचित्रे'त अशी माणसे आहेत, प्रेमाने रेखाटलेलीही आहेत. परंतु त्यांची स्वतःची श्रद्धेची वाट कथनाच्या केंद्रस्थानी येत नाही.

असा आक्षेप लेखिकेवर घेणे अनैतिहासिक होईल, असे म्हटले जाईल, आणि ते काही अंशी बरोबर आहे. तिने आपल्या डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले आणि जे पाहिले त्यात स्वतःचा कमीपणाही दाखविला. आक्षेप लेखिकेवर नाहीच. तो या एका ग्रंथाला मराठी ख्रिस्ती अनुभवाचा प्रतिनिधी मानणाऱ्या समीक्षेवर आहे. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातून आलेल्या दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ज्या जगाचे दर्शन घडविते, ते जग 'स्मृतिचित्रे'तील राहुरीपासून भौगोलिक दृष्ट्या फार दूर नाही. पण दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्या अध्यापनाला अजून लागलेली नाही. तशी ती लागली, तर १८९५ चे टिळकांचे धर्मांतर आणि १९५६ चे नागपूरचे धर्मांतर यांमधील फरक केवळ धर्माचा नसून धर्मांतर करणाऱ्याच्या सामाजिक स्थानाचा आहे, हे स्पष्ट होईल.

कायद्यानेही ही विभागणी वेगळ्या प्रकारे नोंदविली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला; दलित ख्रिस्ती मात्र या दोन्ही दुरुस्त्यांच्या बाहेर राहिले. गावाने ज्याची जात सुटली असे कधी मानले नाही, त्याची जात सुटली असे राज्याने मानले. विभागलेल्या संस्कृतीत श्रद्धा जगण्याचे मोल कोणाला किती पडते, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ वाङ्मयेतिहासाचा राहत नाही.

७

मग टिळकांचा पूल कोणासाठी होता? तो एका ब्राह्मण कवीने स्वतःच्या परतीसाठी बांधला, असे उत्तर देण्याचा मोह होतो. ज्यांच्या दृष्टीने पूर्वसंस्कृती ही जखमच होती, त्यांना तिच्याकडे परत जाण्याचा पूल कशाला हवा? मिशनने दिलेले परके कपडे, परक्या चाली, परकी नावे यांतच त्यांना मोकळीक वाटली असेल, तर तिला अनुकरण म्हणून हिणविणे देशीवादालाही शोभणारे नाही.

परंतु हे उत्तर पुरते नाही, कारण ते पदाचा कर्ता पाहते, पद गाणारा पाहत नाही. 'उपासना संगीत' या मराठी मंडळींच्या गीतसंग्रहात टिळकांच्या पदांचा वाटा मोठा आहे. ही पदे जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटली आहेत. गाणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ना टिळकांसारखे घर गमावले होते, ना तुकोबांना मागे टाकून ते आले होते. त्यांच्या परंपरेत चोखोबा होते; पंढरीला जाऊनही देवळाच्या पायरीशी थांबविलेले चोखोबा. त्यांच्या तोंडी अभंगाचे रूप आले की त्याचा अर्थ पालटतो. टिळकांच्या लेखणीत जो अभंग मागे राहिलेल्या घराची आठवण असतो, तो येथे कधीही न उघडलेल्या दाराच्या आत पाऊल टाकणे ठरतो. संतांच्या छंदावर आणि देवाशी थेट बोलण्याच्या अधिकारावर आपलाही हक्क आहे, असे ही मंडळी गाऊन सांगते. पूल एका टोकाकडून बांधला गेला, पण त्यावरून चालणारे दुसऱ्या टोकाकडून आले.

याचा समीक्षेच्या दृष्टीने अर्थ असा, की मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आत्मचरित्राला केंद्र मानून करता येणार नाही. आत्मचरित्र हा 'मी'चा प्रकार आहे, आणि 'मी' म्हणण्याची सोय सर्वांना एकाच वेळी मिळालेली नाही. सामुदायिक गायन, कीर्तनाच्या वह्या, मंडळ्यांची दप्तरे, पाळकांच्या टिपणवह्या, वृद्ध स्त्रियांच्या तोंडी असलेली गाणी ही त्या बहुसंख्यांची संहिता आहे. ती गोळा करण्याचे आणि वाचण्याचे काम गंगाधर मोरजे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या संदर्भात आरंभिले. ते विद्यापीठीय संशोधनाने जिल्हावार पुढे नेणे आवश्यक आहे.

अशा अभ्यासाने 'स्मृतिचित्रे'चे महत्त्व कमी होणार नाही. उलट ते नेमके होईल. विभागलेल्या समाजात श्रद्धा कशी जगावी याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर या ग्रंथात नाही. त्यात आहे ते एका बाजूच्या माणसाने, आपल्या बाजूचे ओझे कोणते हे ओळखून, ते स्वतःच्या हाताने खाली ठेवण्याचे दर्शन. लक्ष्मीबाईंना तत्त्वचर्चेपेक्षा पाण्याचा पेला अवघड वाटला, आणि त्यांनी तो अवघडपणा लपविला नाही. दुसऱ्या बाजूच्या माणसाची कथा त्यांना सांगता आली नाही. पण त्याच्याशी संबंध जोडण्यासाठी आपल्याला आधी काय सोडावे लागेल, हे त्यांनी सांगितले. टिळकांच्या दरबारात सर्वांना प्रवेश होता. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथाने त्या प्रवेशाची पूर्वअट नोंदविली : पंगत आधी बदलावी लागते, दरबार नंतर भरतो.